निकाल देण्याआधी मूल ओळखा

आज पदवी स्वीकारणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

बाल आणि किशोरविकासाचा अभ्यास करून वस्त्यांमध्ये, वसतिगृहांत, बालगृहांत मुलांबरोबर काम करायचं तुम्ही ठरवलंत. ही वाट मळलेली नाही. तरीही तुमच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या आईवडिलांना मी नमस्कार करते.

लवकरच चौदा-पंधरा वर्षांचा एखादा मुलगा तुमच्यासमोर आणून बसवला जाईल. शाळा म्हणेल, उर्मट आहे. शेजारी म्हणतील, वाया गेला. सगळ्यांनी आपापला निकाल दिलेला असेल. त्या खोलीत निकालाची घाई नसलेलं एक माणूस असावं, एवढ्यासाठी तुम्ही ही वर्षं अभ्यास केलात. मला आज सांगायचं आहे ते इतकंच.

त्या मुलाच्या आत काय चाललं आहे, हे तुम्ही शिकला आहात. वयात येताना मेंदूतली भावनांना आणि बक्षिसाला चटकन प्रतिसाद देणारी यंत्रणा जोमात येते. परिणामांचा विचार करणारा, आवर घालणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना आणि प्रौढांना संगणकावर गाडी चालवायला दिली होती. सोबत मित्र असले की १३ ते १६ वर्षांची मुलं खूप जास्त धोका पत्करत. प्रौढांमध्ये तसा फरक जवळजवळ दिसला नाही. म्हणजे एकटा असताना शहाण्यासारखा वागणारा मुलगा टोळक्यात वेगळा वागतो, तेव्हा तो खोटारडा ठरत नाही. त्याचं वय तसं आहे. हेच ज्ञान उलटं वापरा. मित्रांची ओढ इतकी प्रबळ असेल, तर कबड्डीचा संघ, पथनाट्याचा गट, वस्तीतली अभ्यासिका ही तुमच्या हातातली सर्वांत मोठी ताकद आहे. मुलांना मित्रांपासून तोडू नका. त्यांना मिळून करण्यासारखं मोलाचं काम द्या.

पण पुस्तकातल्या टप्प्यांनाच मूल समजू नका. हे टप्पे मांडणारे मानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्या तान्ह्या वयाविषयीच्या महत्त्वाच्या नोंदी त्यांच्या स्वतःच्या तीन मुलांच्या निरीक्षणातून आल्या. आता त्या घरापेक्षा अगदी वेगळं बालपण जगणारी आपल्याकडची ऊसतोड कामगारांची मुलगी बघा. दिवाळीच्या सुमारास आईवडील उचल घेऊन कारखान्याकडे निघतात, तेव्हा अकरा-बारा वर्षांची ही पोरगीही बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसते. आईवडील पहाटे फडात गेले की कोपीवर पाणी भरणं, भाकरी थापणं, धाकट्या भावाला सांभाळणं तिच्याकडे येतं. हंगाम संपवून ती परत येते तेव्हा वर्गात वाचताना अडखळते, आणि कुणीतरी तिच्या नावापुढे 'मागे पडलेली' असं लिहून टाकतं. ती कुठे मागे आहे आणि कुठे वयाच्या कितीतरी पुढे ढकलली गेली आहे, हे दोन्ही ज्याला दिसतं त्यालाच तिच्यासाठी काय करायचं ते कळतं. तिला हंगामातही सुटणार नाही अशी शाळा हवी आणि रोज थोडा वेळ नुसतं खेळायला हवा.

मुलाची परिस्थिती पाहून शाळा बदलण्याचं शहाणपण आपल्या मातीत होतंच. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला सुरू केलेलं बालशिक्षणाचं काम १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे त्यांनी पाहिलं. मुलांना नावं न ठेवता त्यांनी शाळाच गुरांमागे नेली आणि कुरणशाळा उभी राहिली. मूल येत नसेल तर आपली रचना तपासायची, हा धडा तिथून घ्या.

आता माझ्या मते तुमच्या अभ्यासक्रमातल्या सर्वांत आश्वासक संशोधनाकडे येते. हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ बाळांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, पालकांचं व्यसन किंवा मानसिक आजार अशी अनेक संकटं एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुलं कर्ती, समंजस माणसं झाली. त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी भरवशाचं मोठं माणूस होतं. कधी आजी, कधी शेजारी, कधी शिक्षक. शिवाय किशोरवयात बिघडलेल्यांपैकीही बरेच जण पुढे सावरले. पंधराव्या वर्षी कुणावरही कायमचा शिक्का मारू नका, असं हे बेट आपल्याला सांगतं.

ते भरवशाचं माणूस व्हायचं, तर दोन गोष्टी कसोशीने पाळा. पहिली, न पाळता येणारं वचन देऊ नका. 'तू सांगशील ते मी कुणालाच सांगणार नाही' असं मुलाला कधीही म्हणू नका. लैंगिक अत्याचार कळल्यावर तो कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. 'तुझ्या सुरक्षिततेसाठी मला काही जणांशी बोलावं लागेल, पण आधी तुला सांगेन,' असं म्हणा. दुसरी, न सांगता निघून जाऊ नका. प्रकल्प संपतात, निधी आटतो, नोकऱ्या बदलतात. ज्या मुलांना मोठ्यांनी वारंवार सोडलं आहे, त्यांना तुमची तारीख आधी सांगा आणि नीट निरोप घ्या. इथे बसलेल्या संस्थाचालकांनाही माझी विनंती आहे. मुलांना टिकणारी माणसं हवी असतील, तर या कार्यकर्त्यांना संसार चालेल असा पगार आणि वर्षावर्षाच्या करारापलीकडची नोकरी द्या.

मित्रमैत्रिणींनो, आजची पदवी तुम्हाला मुलांविषयी बोलायचा अधिकार देते. त्याआधी त्यांचं ऐकायची जबाबदारीही देते. ती निभावताना दमाल तेव्हा सहकाऱ्यांकडे मन मोकळं करा, वाचन सोडू नका, आणि 'हे मूल असं का वागलं?' हा प्रश्न रागाने नव्हे, खऱ्या कुतूहलाने विचारत राहा. महाराष्ट्रातल्या मुलांना तुमची नितांत गरज आहे.