पत्रांची दुसरी प्रत



पूर्वी पत्र वाचून झाले की ते तारेला टोचून ठेवीत. पाहुण्यांचे पत्ते वहीत असत. वहीला वाळवी लागली की पत्ते गेले! आता पत्रे घरच्या संगणकात येतात. त्यांना ईमेल म्हणतात. पत्ते, फोन नंबरही तिथेच असतात. पण संगणकही बिघडतो. तो चोरीस जातो, विजेने जळतो. मग परगावच्या मुलीची पत्रे, पेन्शनचे कागद कुठून आणायचे?

शेतकरी सगळे बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही. आपणही तसेच करू.

कोणी म्हणेल, "गुरुजी, आमची पत्रे जीमेलवर आहेत. कंपनी सांभाळते की!" खरे आहे. पण फेब्रुवारी २०११ मध्ये जीमेलच्या काही खात्यांतली पत्रे दिसेनाशी झाली. कंपनीने चुंबकीय फितींवर वेगळी प्रत ठेवली होती, म्हणून ती परत मिळाली. एवढी मोठी कंपनी दुसरी प्रत ठेवते, मग आपण का नको? शिवाय २ वर्षे खाते वापरलेच नाही, तर कंपनी ते काढून टाकू शकते.

फोनवर तीच पत्रे दिसतात, ती दुसरी प्रत नव्हे. एकीकडे पुसले की बहुधा दुसरीकडेही पुसले जाते.

मग करायचे काय? जीमेलवाल्यांसाठी 'गूगल टेकआउट' ही सोय आहे. तिथे पत्रे आणि पत्ते यांवर खूण करून प्रत मागायची. तयार झाली की निरोप येतो. मग ती लवकर उतरवून घ्यायची, कारण मुदत थोडी असते.

संगणकावर 'थंडरबर्ड' असेल, तर तो आधी बंद करा. मग त्याचा 'प्रोफाइल' नावाचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. त्यात पत्रे येतात, पत्तेही येतात.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पेनड्राइव्ह संगणकाला लावून ठेवू नका. चोर दोन्ही नेईल. तो कुलपात ठेवा, कारण त्यातली पत्रे कोणालाही वाचता येतील. आणि प्रत उघडून पाहा. न उघडणारी प्रत काय कामाची?

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी हे काम करा. अगदी जवळची दहा नावे आणि नंबर मात्र स्वतःच्या हाताने वहीत लिहा. आता आपल्याला लिहिता येते ना!