झाशीवरचा ध्रुव



रत्नागिरीकडील कोट गावचे नेवाळकर घराणे झाशीत राज्य करू लागले आणि अनेक मराठी कुटुंबे बुंदेलखंडात स्थिरावली. वाटेत पाणी बदलले, बोली बदलली. आणखी एक बदल मात्र फारसा कोणाच्या ध्यानी आला नसावा. ध्रुवतारा वर चढला. हात लांब करून धरलेली मूठ आकाशाचे साधारण १० अंश झाकते. त्या मापाने रत्नागिरीत ध्रुव क्षितिजापासून पावणेदोन मुठींवर, तर झाशीत अडीच मुठींवर दिसतो. पृथ्वी सपाट असती, तर इतक्या प्रवासाने दूरस्थ तारा असा वर सरकला नसता.

भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘सिद्धांतशिरोमणी’त अक्षांशांच्या याच अंतरावरून भूपरिघाचे गणित सांगितले आणि तो ४९६७ योजने दिला. पुराणांचे भूमंडल मेरूभोवती ५० कोटी योजने पसरलेले! भूमीला शेषाचा वा कूर्माचा आधार मानणाऱ्यांना आचार्यांचा प्रश्न होता: त्या आधाराला आधार कोणाचा? अखेर कोणीतरी स्वशक्तीने राहिला असे मानावेच लागते. मग पृथ्वीच तशी राहिली, असे का मानू नये?

तथापि त्यांची पृथ्वीही अचल, विश्वाच्या मध्यभागीच होती. मनुष्याचे घर आकसले, आसन ढळले नाही.

ते ढळवले कोपर्निकसाच्या १५४३ सालच्या ग्रंथाने. त्या मताची मराठीतील एक मोठी चर्चा झाली ती पुण्यामुंबईत नव्हे, तर झाशीच्या दक्षिणेस, भोपाळजवळच्या सिहोर येथे. तेथील इंग्रज अधिकारी लान्सलॉट विल्किन्सन यांच्या आश्रयाने सुबाजी बापूंनी १८३६ साली ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा ग्रंथ रचला. पुराणे, सिद्धांत व कोपर्निकस ही तिन्ही मते त्यांनी शेजारी ठेवून तपासली, आणि पुराणमताविरुद्ध साक्षीला उभे केले ते भास्कराचार्यांना. नवे मत परदेशचे, पण ते तोलणारा काटा घरचा होता. विल्किन्सन यांचे श्रेय मान्य करूनही हे विसरता येत नाही.

सिहोरास शिकलेले बापूदेव शास्त्री पुढे काशीस अध्यापक झाले आणि त्यांनी आधुनिक वेधांवर आधारलेले पंचांग काढले. अशा पंचांगातून मुहूर्त काढणारे उपाध्याय संकल्प सोडताना मात्र जंबुद्वीप आणि मेरूच म्हणतात. ग्रहांचे स्थान त्यांनी नव्या गणितावर सोपवले. यजमानाचे स्थान अजून मेरूच्या दक्षिणेसच आहे.