देवराई ते नोंदवही : जैवविविधतेचा कारभार कोणाचा?

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि ग्रामपंचायत अधिकारी यांच्या प्रशिक्षण वर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘जैवविविधता’ हा शब्द आपल्या भाषेत नवा असला तरी ज्या वस्तूचा तो निर्देश करतो ती वस्तू आपल्याला मुळीच नवी नाही. रानातला हिरडा-बेहडा, ओढ्यातला मासा, माळावरचे गवत, कणगीतले वाण, गोठ्यातली गाय आणि या सर्वांविषयी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली जाण, हे सारे मिळून जैवविविधता होते. प्रश्न असा की, हे धन सर्वांचे असल्याने ते राखावयाचे कोणी? जे सर्वांचे असते त्याची निगा कोणीच घेत नाही, असा आपला नेहमीचा अनुभव आहे. तथापि काही समाजांनी या अनुभवावर मात केली. ती कशी केली आणि आज कायद्याने आपल्या हाती कोणती साधने दिली आहेत, याचा विचार आपण येथे करू.

देवाच्या नावाने केलेला कायदा

सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना देवराया आहेत. रत्नागिरीकडे त्यांना देवरहाटी म्हणतात. कर्नाटकात देवरकाडू, तर केरळात काव. नावे निराळी असली तरी नियम एकच. देवाच्या रानातली फांदी तोडावयाची नाही. कित्येक ठिकाणी तर वाळलेली काटकीसुद्धा घरी न्यावयाची नाही. मंदिरासाठी एखादे झाड हवे असेल, तर गावाने एकत्र बसून देवाला कौल लावावयाचा. आधुनिक परिभाषेत सांगावयाचे तर येथे नियम होता, निर्णय घेणारी सभा होती आणि नियमभंगाचा धाकही होता. वनरक्षक मात्र नव्हता, कारण प्रत्येक गावकरी वनरक्षक होता.

या रायांचा शास्त्रीय अभ्यास डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात केला. त्या काळात श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावाची देवराई तोडली जाण्याचा प्रसंग आला होता. ग्रामस्थांनी या अभ्यासकांना साकडे घातले. त्यांचे म्हणणे साधे होते : गावाचा ओढा या राईतून निघतो, राई गेली की पाणी गेले. राई वाचली. श्रद्धेच्या पोटात व्यवहाराचे केवढे शहाणपण दडलेले असते, हे या उदाहरणावरून कळून येते.

दुसरे उदाहरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीचे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी असलेल्या मंदिराच्या कुंडात मासेमारी करावयाची नाही, हा तेथील लोकांचा जुना दंडक. याच परिसरातील एका चिमुकल्या माशाची विज्ञानाला नवी असलेली जाती म्हणून 2020 मध्ये नोंद झाली आणि त्याला हिरण्यकेशी नदीचेच नाव मिळाले. पुढील वर्षी महाराष्ट्र शासनाने हे स्थळ जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केले. शास्त्रज्ञांना माशाचे नाव ठाऊक होण्यापूर्वीच लोकांनी त्याचे घर राखले होते.

श्रद्धेची मर्यादा

परंतु भूतकाळाचे गोडवे गाऊन आपले काम भागणार नाही. देवराईचे बळ जसे श्रद्धेत आहे तसे तिचे दुबळेपणही श्रद्धेतच आहे. देवाचा धाक कमी झाला की राईचे कुंपण मोडते. कित्येकदा तर श्रद्धा कायम असूनही राई जाते : लहानशा घुमटीच्या जागी सिमेंटचे भव्य मंदिर उभे राहते, मंदिराला रस्ता लागतो, सभामंडप लागतो आणि ज्या झाडांसाठी देव तेथे बसला होता तीच झाडे देवासाठी तोडली जातात. शिवाय जुन्या व्यवस्थेत निर्णय मोजक्या मानकऱ्यांच्या हाती असे. स्त्रियांना व तथाकथित खालच्या मानलेल्या जातींना तेथे आवाज नसे. म्हणून जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही. तिचे तत्त्व मात्र घेण्याजोगे आहे. जो संसाधनाच्या सान्निध्यात राहतो, त्याला नियम करण्याचा अधिकार असावा आणि राखणीचा लाभही त्यालाच मिळावा, हे ते तत्त्व होय.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने हेच तत्त्व लोकशाहीच्या चौकटीत आणले. तेथे निर्णय बहुमताने नव्हे, तर सर्वसहमतीने होतात. आणि प्रत्येक प्रश्नाचा अभ्यासगटात आधी काथ्याकूट होतो. वनहक्क कायदा 2006 चा. त्याखाली या गावाला 2009 मध्ये सुमारे 1800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि बांबूच्या विक्रीचा अधिकार प्रत्यक्षात उतरला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्या गावाची घोषणा सर्वपरिचित आहे. तिच्यातील पहिल्या अर्ध्या भागाकडे आपले लक्ष कमी जाते. ते गाव सरकारला नाकारीत नाही. सरकारच्या कायद्याचाच आधार घेऊन आपली जबाबदारी उचलते.

हळदीने शिकविलेला धडा

आता प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. जैवविविधता केवळ रानात नसते, ती ज्ञानातही असते. आणि ज्ञानाची चोरी कुऱ्हाडीच्या आवाजाशिवाय होते. जखमेवर हळद लावावी, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते. असे असता 1995 मध्ये अमेरिकेत याच उपयोगाचे पेटंट दिले गेले. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना, त्यास आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झाले. हा निकाल लागला तो प्राचीन ग्रंथांतील उतारे आणि 1953 साली एका वैद्यकीय नियतकालिकात आलेला लेख यांसारख्या लिखित पुराव्यांच्या बळावर. ‘आमच्या आजीला हे ठाऊक होते’ हे विधान खरे असले तरी तेवढ्यावर दावा उभा राहत नाही. हळद ग्रंथांत होती म्हणून वाचली. ज्या वनस्पतीचा गुण केवळ एखाद्या कातकरी वा कोरकू वैदूच्या मुखी आहे, तिचे काय होणार?

याच्या उलट असे एक समाधानकारक उदाहरण केरळातील आहे. 1987 मध्ये अगस्त्यमलै पर्वतरांगेत हिंडणाऱ्या शास्त्रज्ञांना काणी जमातीच्या वाटाड्यांकडून थकवा घालविणाऱ्या ‘आरोग्यपच्चा’ या वनस्पतीची माहिती मिळाली. तिच्यापासून तयार झालेल्या औषधाचा परवाना 1995 मध्ये एका औषधनिर्मात्यास देण्यात आला. परवाना शुल्क 10 लाख रुपये आणि विक्रीवर 2 टक्के स्वामित्वधन ठरले; त्यातील निम्मा वाटा काणी लोकांचा. त्यासाठी 1997 मध्ये त्यांचा न्यासही स्थापन झाला. पुढे या वनस्पतीच्या पुरवठ्यावरून वनखात्याचे आक्षेप आले व योजना रखडली. त्यावरून एक बोध होतो. शासनाचा एक हात लाभ देऊ लागला आणि दुसऱ्याने तो अडवला, तर हेतू उत्तम असूनही फळ पदरी पडत नाही.

कायद्याने काय दिले?

1992 साली रिओ-दि-जानेरो येथे जैविक विविधतेचा आंतरराष्ट्रीय करार झाला. जैविक संपत्तीवर त्या त्या राष्ट्राचा सार्वभौम अधिकार आहे, ही गोष्ट त्याने मान्य केली. या कराराला अनुसरून आपल्या संसदेने 2002 मध्ये जैविक विविधता अधिनियम संमत केला. त्याची रचना तीन पायऱ्यांची आहे : चेन्नई येथे राष्ट्रीय प्राधिकरण, राज्यात जैवविविधता मंडळ आणि प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती. आपल्या राज्याच्या मंडळाचे कार्यालय नागपूर येथे आहे. ही तिसरी पायरी म्हणजेच आपण. लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे समितीचे प्रमुख काम. व्यापारासाठी जैविक संसाधने नेणाऱ्यांकडून शुल्क घेण्याचा अधिकारही तिला आहे आणि ते शुल्क स्थानिक जैवविविधता निधीत जमा होऊ शकते.

या अधिनियमात 2023 मध्ये सुधारणा झाली व ती 1 एप्रिल 2024 पासून अमलात आली. तीनुसार कारावासाच्या शिक्षेऐवजी आर्थिक दंड आला आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापरास काही तरतुदींतून सूट मिळाली. यामुळे लाभवाटपाची कक्षा आकुंचित झाली, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. औषधनिर्मिती व संशोधन सुलभ होईल, अशी शासनाची भूमिका आहे. मत कोणतेही असो, आपल्यापुरता निष्कर्ष स्पष्ट आहे. जे ज्ञान ग्रंथांत नाही, केवळ लोकांच्या मुखी आहे, त्याच्या राखणीचे मोल आता अधिकच वाढले आहे.

नोंदवही की कागदाचे भेंडोळे?

देशात अडीच लाखांहून अधिक समित्या स्थापन झालेल्या आहेत. आकडा भूषणावह आहे. पण समिती स्थापन होणे निराळे आणि समिती जिवंत असणे निराळे. मुदत गाठण्यासाठी बाहेरच्या कोणी तरी चार दिवसांत लिहून दिलेली आणि नंतर दप्तराच्या कपाटात बंद झालेली नोंदवही कोणत्या उपयोगाची? शेजारच्या गावाच्या वहीतील यादी जशीच्या तशी उतरली, तर जे झाड आपल्या शिवारात नाही तेही वहीत उगवते आणि जे आहे ते मात्र वहीबाहेर वाळून जाते.

म्हणून आपणां सर्वांस माझी काही नम्र सूचना आहे. शिक्षकांनी मुलांना आजी-आजोबांकडे पाठवावे. कोणती रानभाजी केव्हा उगवते, कोणते भाताचे वाण आता पेरले जात नाही, कोणता पक्षी दिसेनासा झाला, हे मुलांनी विचारावे आणि लिहावे. बियाणांचे ज्ञान तर बहुधा स्त्रियांपाशी असते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली ती गावरान बियाण्यांच्या जतनासाठीच. आपल्याही गावात तशी एखादी माउली असेल. तिला समितीच्या बैठकीत केवळ सहीपुरते न बोलावता अग्रभागी बसवावे. सदस्यांनी दरवर्षी नोंदवही ग्रामसभेत वाचावी व तीत भर घालावी. ज्या वैदूला आपले औषध उघड करावयाचे नसेल त्याच्यावर सक्ती करू नये; माहिती देणाऱ्याची संमती आणि गुप्ततेची काळजी यांवाचून नोंदवही हे चोराला दाखविलेले दार ठरेल. आणि अधिकारी बंधूंनी विसरू नये की, समितीचा ठराव हा फाईल पूर्ण करण्याचा कागद नसून एका गावाचा शब्द आहे.

वैदू म्हातारा होत आहे, वाण दुर्मीळ होत आहे, राईची कड दरवर्षी थोडी आत सरकत आहे. या गोष्टी आपल्या सवडीची वाट पाहत थांबणार नाहीत. पूर्वजांनी देवाच्या नावाने जे राखले ते आता आपल्याला राज्यघटनेच्या, कायद्याच्या आणि ग्रामसभेच्या नावाने राखावयाचे आहे. उद्या आपापल्या गावी परतल्यावर नोंदवही कपाटातून बाहेर काढा आणि तिचे पहिले पान ग्रामसभेसमोर वाचा. तेथून पुढचे काम गाव आपोआप सांगेल.