कर्ज फिटलं, पण हप्ता बंद करू नका

आम्ही अकरा जणी, एका बचत गटातल्या. काही साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या, काहींची माहेरं पलीकडे सांगलीच्या आटपाडीकडची. मधे जिल्ह्याची हद्द आहे, पण पावसाची वाट दोन्हीकडे सारखीच बघावी लागते. आमच्यातल्या कुणी शिवणकाम करतात, कुणाच्या दारात म्हशी-शेळ्या आहेत, कुणी बाजारात भाजी घेऊन बसतात. पगारपत्रक कुणाच्याच नशिबी नाही. आपला धंदा, आपली कमाई.

कर्ज कसं काढायचं हे सगळे सांगतात. कसं फेडायचं हेही सांगतात. फिटल्यावर काय करायचं, हे मात्र आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आज तेच बोलायचं आहे, कारण आमची पहिली ठेच तिथंच लागली.

आमच्यातल्या शिवणकामवाल्या मैत्रिणीनं मशीनसाठी कर्ज घेतलं होतं. महिन्याला २,४०० रुपये हप्ता. दोन वर्षं तिनं एकही हप्ता चुकवला नाही. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी तिच्याकडं चहा घेतला. तीन महिन्यांनी गटाच्या बैठकीत सहज विचारलं, "बाई, आता महिन्याला २,४०० उरत असतील की!" ती गप्प बसली. मग म्हणाली, "कुठं गेले तेच कळत नाही." थोडे पोराच्या मोबाइलला गेले, थोडे भावकीतल्या लग्नाच्या आहेराला, थोडे किराणाच्या वहीत. एकही खर्च वाईट नव्हता, पण हातात काही राहिलं नव्हतं. आणि त्याच आठवड्यात दारात माणूस आला, "ताई, तुमचं रेकॉर्ड चांगलं आहे, आता ५०,००० घ्या." तिनं जवळजवळ हो म्हटलं होतं. ते कर्ज गटाच्या जामिनावर मिळणार होतं, म्हणजे तिचा हप्ता थकला असता तर आम्हा दहा जणींच्या दारात वसुली आली असती.

त्या दिवशी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या. त्याच सांगतो.

पहिली गोष्ट. कर्ज फिटलं तरी हप्ता बंद करायचा नाही. फक्त तो आता स्वतःला भरायचा. दोन वर्षं घराला २,४०० रुपये कमी असण्याची सवय झालेली असते. ती मोडू द्यायची नाही. त्याच तारखेला, त्याच रकमेचे भाग करायचे. आमच्या मैत्रिणीनं असे केले: १,५०० अडीअडचणीला, बँकेतल्या वेगळ्या खात्यात. ५०० पोस्टाच्या आवर्ती ठेवीत. पोस्टाची ही ठेव महिना १०० रुपयांपासून काढता येते आणि पाच वर्षांची असते. उरलेले ४०० तिचे स्वतःचे, त्याचा हिशोब कुणी विचारायचा नाही. तिच्या घरचा महिन्याचा खर्च ९,००० आहे. तीन महिन्यांचा खर्च म्हणजे २७,००० शिल्लक हवी असं धरलं, तर १,५०० प्रमाणे अठरा महिन्यांत ती जमते.

दुसरी गोष्ट. गल्ला वेगळा आणि घरचा डबा वेगळा. आपण काय करतो? ब्लाउज शिवून आलेल्या पैशातून तेल आणतो, आणि धागा-अस्तर आणायचं तर घरच्या पैशाला हात घालतो. मग धंदा चालतोय की बुडतोय हेच समजत नाही. आम्ही तिच्या वर्षाचा हिशोब मांडला. लग्नसराईत आणि दिवाळीत महिन्याला ११-१२ हजार, आषाढात जेमतेम ३,५००. धागा, वीज, दुरुस्ती वजा जाता वर्षाचे झाले ७८,०००. म्हणजे सरासरी महिना ६,५००. मग तिनं सगळे ६,५०० उचलायचे का? नाही. तिनं स्वतःला पगार ठरवला, महिना ५,०००. वर्षाचे ६०,००० झाले. राहिले १८,००० धंद्याचे. त्यातूनच नवं कापड, मशीनचा पट्टा, मोटार. वैशाखात ११,००० आले तरी घरात ५,०००च येतात. आषाढात ३,५०० आले तरी घरात ५,०००च येतात, कमी पडलेले १,५०० वैशाखातल्या शिलकीतून. दूधवाल्या बायांचा पगार दर दहा दिवसांनी येतो, त्यांनी पेंडीचे पैसे त्याच दिवशी बाजूला काढावेत. म्हैस आटते तेव्हा हा हिशोब कामाला येतो.

लिहिता येत नाही म्हणून हे जमणार नाही, असं कुणी म्हणू नका. म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला बँक उभी राहिली, तिची गोष्ट आपल्या भागात माहीत आहे. आधी परवाना नाकारला होता, कारण सभासद बाया अंगठा उठवणाऱ्या होत्या. त्या बाया अक्षरं शिकल्या, चेतना सिन्हांबरोबर पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, आम्हाला तोंडी व्याज काढायला सांगा, तुमच्या साहेबांनाही सांगा, बघू कुणाचं आधी होतं. परवाना मिळाला. वही पोरीकडून लिहून घ्या, पण हिशोब तुमच्या तोंडी असू द्या.

तिसरी गोष्ट कागदांची. कर्ज फिटलं हे आपल्याला माहीत असून भागत नाही, कागदावर हवं. बाकी नसल्याचा दाखला मागून घ्या. सोनं ठेवलं असेल तर परत घेताना डोळ्यासमोर वजन करून घ्या. घर-जमिनीची मूळ कागदपत्रं बँकेकडं असतील, तर पूर्ण फेड झाल्यापासून ३० दिवसांत ती परत मिळाली पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. बँकेमुळं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. सातबाऱ्यावर बोजा असेल तर दाखला घेऊन तलाठ्याकडं जा, आणि इतर हक्कातला बोजा उतरल्यावर नवा उतारा काढून बघा. आमच्यातल्या एकीचं कर्ज फिटून चार वर्षं झाली होती, बोजा तसाच होता. वाटणीच्या वेळी धावपळ झाली. कर्जाच्या नोंदीचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तोही काढून बघा.

आता विचाराल, पुन्हा कर्ज काढायचंच नाही का? तसं नाही. कमाई वाढवणारं कर्ज काढावं. पण आधी तोंडी हिशोब करा. शेकडा तीननं १०,००० घेतले तर महिन्याला ३०० नुसतं व्याज, वर्षाला ३,६००, आणि मुद्दल तसंच उभं. छोट्या कर्जांसाठी नियम असा आहे, की घरातले सगळे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. आम्ही गटापुरता तो पाव भागावर आणला आहे. आणि दारात आलेल्या माणसाला त्याच दिवशी हो म्हणायचं नाही. "गटात विचारून सांगते," एवढंच म्हणायचं.

विम्याचंही थोडक्यात. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये गेले की अपघाताचा दोन लाखांचा विमा होतो, ४३६ रुपयांत आयुर्विमा दोन लाखांचा. पैसे कापले गेले का, हे पासबुकात बघत जा. आणि घरात एका विश्वासाच्या माणसाला हे माहीत असू द्या.

आमच्या मैत्रिणीचं पुढं काय झालं? अकरावा महिना चालू होता. श्रावणात सासूबाई पडल्या, खुब्याचं ऑपरेशन निघालं. दवाखान्यात आधी १५,००० भरायला सांगितले. घरात सवयीनं सगळ्यांची नजर तिच्या गळ्याकडं गेली. याआधी दोनदा गंठण सोनाराकडं गेलं होतं. ती म्हणाली, "थांबा, खात्यात आहेत." १६,५०० होते. तिनं १५,००० भरले. शिल्लक राहिले १,५००. पुढच्या महिन्याच्या त्याच तारखेला तिनं पुन्हा १,५०० टाकले. सासूबाई आता काठी घेऊन चालतात, आणि बैठकीच्या दिवशी सुनेला स्वतः आठवण करतात, "अगं, तुझा हप्ता भरलास का?"

तुमच्या गटात कुणाचं कर्ज यंदा फिटत असेल तर तिच्या घरी चहा जरूर घ्या. चहा घेता घेता तिची हप्त्याची तारीख विचारा, आणि पुढच्या महिन्यात त्या तारखेला तिला आठवण करा.

रामराम मैत्रिणींनो.