बाटलीचा अंगरखा

कवीने यंत्राविषयी बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण चिपळूणला माझा भाचा कोकम सरबताचा छोटा कारखाना चालवतो. कर्ज काढून श्रिंक टनेल घ्यायचं त्याने ठरवलं आणि हिशेबाला मामू बसला.

टनेल म्हणजे तापलेला बोगदा. सरकत्या पट्ट्यावरून बाटली आत जाते आणि तिच्यावरची सैल फिल्म आक्रसून अंगाला बिलगते. विक्रेता विचारतो, ‘ताशी किती बाटल्या?’ मी म्हणतो, आधी फिल्म कोणती ते ठरवा. पीव्हीसी थोड्या उष्णतेत आक्रसते, पॉलिथिनला कितीतरी जास्त लागते. बाटली मानेशी निमुळती असेल तर गरम हवा एकीकडे जास्त लागून लेबलावरची अक्षरं वाकडी होतात. (कवीला हे दुःख चांगलं ठाऊक!) तिथे वाफेचा टनेल बरा, वाफ चहूकडून सारखी लागते. मात्र बॉयलर हवा, आणि ओल्या बाटल्या वाळवायच्या. बारा बाटल्यांचा गठ्ठा पॉलिथिनमध्ये बांधायचा तर गरम हवेचाच टनेल लागतो.

‘एकातच दोन्ही होईल’ या बोलण्याला आम्ही भुललो नाही. वाफेचा घेतला, गठ्ठ्यांऐवजी पुठ्ठ्याची खोकी. शेजारचा मिठाईवाला भागीदारीला तयार होता; पण मिठाईच्या खोक्यांवरच्या प्लॅस्टिक फिल्मवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे, म्हणून ते बारगळलं.

घेण्याआधी आपल्याच बाटल्या नेऊन चालवून पाहा. आणि भरलेल्या न्या. भरलेली बाटली उष्णता शोषते, रिकामी वाकते.