उभे झाड हेच भांडवल
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



आपल्या समाजातील कितीतरी घरांची चूल लाकडाच्या धंद्यावर पेटते. अमरावतीत फर्निचरची दुकाने, अकोल्यात सुतारकाम, अचलपूर-परतवाड्याकडे आरामशीन आणि मालाची ने-आण. आठवी-नववीतला मुलगा सुट्टीत वडिलांबरोबर कामावर जातो आणि पुष्कळदा शाळा उघडली तरी परत येत नाही. विचारले तर पालक म्हणतात, "गुरुजी, शिकून तरी त्याला हेच करायचे आहे ना?" या प्रश्नाचे उत्तर आज मी लाकडाच्याच हिशेबाने देणार आहे.

बाजारात गोल लाकूड कसे मोजतात? मध्यावरचा घेर घ्यायचा, त्याला चाराने भागायचे, आलेल्या संख्येचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचे. घेर ४ फूट व लांबी १० फूट असेल तर १० घनफूट. हेच लाकूड वहीतल्या वृत्तचितीच्या सूत्राने मोजा, उत्तर जवळजवळ पावणेतेरा घनफूट येईल. साल, भुसा आणि कडा यांत काही लाकूड जातेच, म्हणून व्यापारात ही रीत रूढ झाली. पण हा पावणेतीन घनफुटांचा फरक ज्याला ठाऊक नाही, तो आपण किती दिले आणि किती घेतले हे कशावरून सांगणार?

आता दुसरे गणित. घेर ४ फुटांऐवजी २ फूट धरा. लांबी तीच. उत्तर येते अडीच घनफूट! घेर निम्मा झाला तर लाकूड पावपट झाले. याचा अर्थ असा की, घेर दुपटीने वाढू देणाऱ्याला चौपट लाकूड मिळते. शिवाय वाढत्या वयाबरोबर सागात गाभ्याचे पक्के लाकूड वाढते. कोवळे झाड तोडणारा मनुष्य भांडवलालाच हात घालतो. झाडाची वर्षाची वाढ हा नफा आहे आणि उभे झाड हे भांडवल आहे. नफा खावा, भांडवल खाऊ नये, हे आपल्या बाजारपेठेतला लहानसा दुकानदारही जाणतो. लाकडाच्या धंद्यात मात्र आपण ते विसरतो.

हा विचार काही नवा नाही. मलबारमध्ये निलंबूर येथे १८४० च्या दशकात कलेक्टर कोनोली यांच्या काळात चातू मेनन यांनी सागाची रोपे तयार करून लागवड उभी केली. जगातील सर्वांत जुन्या साग-लागवडींत तिची गणना होते. १८६४ साली हिंदुस्थानचे वनप्रमुख झालेले ब्रँडिस यांनी त्याआधी ब्रह्मदेशात सागाची झाडे घेरांच्या वर्गांनुसार मोजली आणि दरवर्षी जितकी झाडे तयार होतील तितकीच तोडावीत असा दंडक घातला. आपल्या मेळघाटातील बैरागड व गुगामल ही जंगले १८६६ साली राखीव झाली. त्यात तेथील कोरकू बांधवांचे हक्क आकसले, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पुढे १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने, केंद्राने मंजूर केलेल्या कार्य आयोजनेशिवाय जंगलात तोड करण्यास मनाई केली. सांगायचे तात्पर्य, जंगलातून हवे तितके लाकूड येईल हा काळ गेला. आज आपल्या देशात आफ्रिकेतील साग जहाजाने येतो. ज्याला लाकडाचा धंदा करायचा आहे, त्याला ते वाढविण्याचाही विचार करावा लागेल.

आफ्रिकेचा उल्लेख आला म्हणून दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण देतो. त्या देशात नैसर्गिक जंगल फार थोडे. १८८६ मध्ये सोन्याच्या खाणी सुरू झाल्या आणि खाणीचे छत पेलण्यासाठी लाकडी टेकूंची मागणी वाढली. तेव्हा निलगिरी, वॅटल, पाइन यांची लागवड हाती घ्यावी लागली. आज अशी लागवड सुमारे १२ लाख हेक्टरांवर आहे. म्हणजे त्या देशाच्या भूमीचा सुमारे शंभरावा हिस्सा. कागदाच्या लगद्यासाठी निलगिरी सात ते दहा वर्षांत तोडतात. फळ्यांसाठी पाइन पंचवीस-तीस वर्षे वाढवितात, मधून विरळणी करतात, खालच्या फांद्या छाटून गाठीरहित लाकूड मिळवितात. जितके क्षेत्र तोडावे तितके पुन्हा लावावे, हा तेथील धंद्याचा पाया आहे. आग ही मोठी भीती, म्हणून आपल्या वनखात्याप्रमाणे तेही जाळरेषा काढतात.

परंतु त्यांच्याकडून शिकण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट पाण्याची आहे. झाडेही पाणी पितात! १९९८ च्या जल कायद्यानुसार तेथे व्यापारी वृक्षलागवड हे ओढ्यानद्यांचे पाणी कमी करणारे काम मानले जाते आणि त्यासाठी परवाना लागतो. वरुड-मोर्शीकडे विहिरींचे पाणी किती खोल गेले हे पाहिलेल्या माणसाला हा कायदा समजावून सांगावा लागणार नाही.

मग आपण काय करावे? ज्यांच्याकडे शेती आहे त्यांनी सबंध शेत सागाखाली घालू नये. धुऱ्यावर दरवर्षी दहा झाडे लावावीत. तीस वर्षांत तीनशे होतील. पुढे दरवर्षी दहा काढावीत आणि दहा लावावीत. बापाने लावले आणि मुलाने तोडले, तरी नातवासाठी धुरा भरलेलाच राहील. सागाच्या जड्या पहिल्या चांगल्या पावसानंतर लावतात. जमीन पाणी साचू न देणारी हवी. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील चिकण काळ्या जमिनीत सागाचा हट्ट धरू नये. तेथे बाभूळ बरी. बैलगाडीला आणि शेतीच्या अवजारांना आपल्या वाडवडिलांनी बाभूळच वापरली. लावलेल्या झाडांची नोंद सातबाऱ्यावर करून घ्यावी. तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा परवाना यांचे नियम आधी विचारून घ्यावेत. कागद नसेल तर स्वतःचे झाडही नाक्यावर अडते.

आणखी एक इशारा. १९९० च्या दशकात "सागाचे झाड विकत घ्या, थोड्या वर्षांत लखपती व्हा" अशा जाहिराती घरोघरी पोहोचल्या. देशभर पुष्कळ कुटुंबांनी लेकींच्या लग्नासाठी साठविलेला पैसा त्यांत घातला आणि गमावला. अखेर १९९९ साली सेबीने अशा सामुदायिक गुंतवणुकीसाठी नियम केले. मघाचे घेराचे गणित ज्याला येत होते, त्याने विचारले असते, "इतक्या थोड्या वर्षांत घेर किती होणार? घनफूट किती निघणार? हा भाव देणार कोण?" तीन प्रश्न, तेही नववीच्या वर्गातले. ते विचारणारा घरात कोणी नव्हता म्हणून पैसा गेला.

म्हणून पालकांना माझे सांगणे आहे की, मुलाला आरामशीनवर अवश्य न्या, हाताला कसब येऊ द्या. परंतु दहावीपूर्वी त्याला शाळेतून काढू नका. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वनशास्त्राची पदवी घेता येते. आपल्या मुला-मुलींनी तिकडे का वळू नये? लाकडाची पारख वडिलांकडून मिळेल, वाढीचा हिशेब शाळेतून मिळेल. दोन्ही एका ठिकाणी आले तर आजचा मजूर उद्याचा लागवडदार होईल.

विद्यार्थी मित्रहो, उद्या वर्गात येताना एक सुतळी आणि फूटपट्टी आणा. शाळेच्या आवारातील झाडांचे घेर आपण मोजणार आहोत आणि दरवर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजणार आहोत. तुम्ही दहावीत जाईपर्यंत ती वही तुमच्याजवळ असली पाहिजे.