एकाच ताग्यातला शर्ट आणि झगा

वसंत व्याख्यानमालेच्या पत्रिकेत विषय छापला होता ‘अमेरिकेतील यादवी युद्ध’. वक्त्यांनी पहिल्याच मिनिटाला युद्ध बाजूला सारलं. ‘1861 ते 65, उत्तर विरुद्ध दक्षिण, गुलामगिरी, लिंकन, हे सगळं तुम्हाला ठाऊकच आहे,’ असं ते म्हणाले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी ठाऊक असल्यासारख्या माना डोलावल्या. सहा लाखांहून जास्त सैनिक त्या युद्धात गेले. पण सहा लाख कुणाच्या ध्यानात राहत नाहीत, एखादाच राहतो, आणि तोही पराक्रमामुळे नव्हे, घरातल्या बारीकशा खुणेमुळे, हा वक्त्यांचा लाडका सिद्धान्त. तो सिद्ध करायला त्यांनी एक सार्जंट आणला होता.

पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्ग गावी 1 ते 3 जुलै 1863 अशी तीन दिवस लढाई झाली. पहिल्याच दिवशी गावाच्या कडेला एका वीटभट्टीपाशी न्यूयॉर्कच्या 154व्या पायदळ पलटणीची फळी फुटली. पुढे गावातल्या एका मोकळ्या जागेत एक मृतदेह सापडला. त्याच्याजवळ नाव नव्हतं, पलटणीचा पत्ता नव्हता. गळ्यात बिल्ला घालायची पद्धत तेव्हा नव्हतीच. सापडला तो काचेवर काढलेला एक फोटो. त्यात तीन मुलं.

हा फोटो एका खाणावळवाल्याकडे गेला. जखमींच्या शुश्रूषेसाठी निघालेल्या डॉक्टर बोर्न्स यांची गाडी नेमकी त्याच्या दारात मोडली. ‘गाडी धड असती तर आज तुम्ही घरी लवकर जेवला असता!’ (हशा.)

डॉक्टरांनी तो फोटो मागून घेतला. वर्तमानपत्रात फोटो छापायची सोय तेव्हा नव्हती, म्हणून 19 ऑक्टोबरच्या ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’मध्ये त्याचं नुसतं वर्णन आलं. मुलं नऊ, सात आणि पाच वर्षांची असावीत. धाकटा मधे उंच खुर्चीत. थोरल्याचा शर्ट आणि बहिणीचा झगा एकाच कापडाचा. इथे वक्ते थांबले. ‘लिहिणाऱ्याला घर कळत होतं. आपल्याकडे दिवाळीला एकाच ताग्यातून भावंडांचे कपडे बेतायचे की नाही?’ मागून एक आजी म्हणाल्या, ‘आणि उरलेल्याची पिशवी!’ सभागृह पुन्हा हसलं.

कापडावरून गाडी कापसावर गेली आणि पंचवीस मिनिटं तिथेच अडकली. अमेरिकेतला कापूस अडकला तसे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनी मुंबईकडे डोळे लावले, भाव चढले, लोकांनी गाद्या उसवून कापूस विकल्याच्या कथा झाल्या, शेअरांचं वेड लागलं आणि 1865 मध्ये युद्ध थांबताच सगळं कोसळलं. त्या तेजीतले सटोडिये प्रेमचंद रायचंद आले, त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर आला. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलं, हेही आलं. खरं तर त्या एकाच अर्पणपत्रिकेवर एक संध्याकाळ द्यायला हवी होती. पण तेवढ्यात अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं.

मग धावपळ. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावी फिलिंडा ह्युमिस्टन यांनी ते वर्णन एका धार्मिक पत्रात वाचलं. गेटिसबर्गनंतर नवऱ्याचं पत्र नव्हतं. त्यांनी कळवलं, फोटोची प्रत आली, आणि मुलं त्यांचीच निघाली: फ्रँक, अ‍ॅलिस, फ्रेड. ‘अनोळखी’ सैनिक म्हणजे सार्जंट अ‍ॅमॉस ह्युमिस्टन, घोड्यांचे साज बनवणारा कारागीर. त्याआधी देवमाशांच्या शिकारीच्या जहाजावर खलाशी. त्याच वर्षी नोव्हेंबरात लिंकननी गेटिसबर्गच्या दफनभूमीत आपलं प्रसिद्ध भाषण केलं. त्यात एकाही सैनिकाचं नाव नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. वक्त्यांनी ती वाचून खिशात घातली. मुलांच्या फोटोच्या प्रती विकून आणि देणग्या घेऊन गेटिसबर्गलाच 1866 मध्ये सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी आश्रम निघाला, फिलिंडा मुलांसह तिथे राहिल्या. पुढे मुलांच्या छळाची प्रकरणं निघाली, बोर्न्स यांच्यावर पैसे खाल्ल्याचा आरोप झाला आणि 1877 मध्ये आश्रमाला टाळं लागलं. हे त्यांनी दोन वाक्यांत उरकलं. भल्या डॉक्टरांची गोष्ट त्यांना बिघडवायची नसावी.

‘आपले जवान सोडून अमेरिकेचा सार्जंट कशाला?’ एका निवृत्त शिक्षकांनी विचारलं. वक्ते जरा चिडले. सातारा-रत्नागिरीकडच्या गावांत पहिल्या महायुद्धाच्या संगमरवरी पाट्या आहेत, म्हणाले. गावातून किती गेले, किती परतले नाहीत, एवढंच त्यावर आहे. आकडे आहेत, नावं नाहीत. ‘ती तुमच्या ट्रंकेत असतील.’

आभार सुरू झाले तरी ते माइक सोडेनात. घरी गणवेशातल्या आजोबा-पणजोबांचा फोटो असेल तर आज रात्रीच काढा, मागे नाव, गाव, पलटण लिहा. शाईने नको, ती फुटते. मऊ शिसपेन्सिलीने, आणि हात हलका ठेवून.